विकेंद्रित वीजनिर्मिती म्हणजे काय? छतावर सोलर असूनही पुरात अंधार का होतो?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. कोल्हापूरकरांना या दोन महिन्यांबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. काही वीज उपकेंद्रांत पाणी शिरलं, आणि बऱ्याच भागात अपघात नको म्हणून पुरवठा बंद ठेवावा लागला. पाणी उपसणारे पंप बुडाले, त्यामुळे चारी बाजूंनी पूर आणि नळाला थेंब नाही अशी गत झाली. घरातल्या माणसांना निरोप द्यायचा तर फोनला चार्जिंग नाही.

त्यानंतर कोल्हापुरात छतावर सोलर बसवणाऱ्यांची संख्या दिसण्याइतकी वाढली आहे. पण पुढच्या पुरात यातल्या बहुतेक घरांतही अंधारच असेल. पॅनल धडधाकट, वर थोडाफार उजेड, तरी घरात वीज नाही. हे असं का, ते समजलं की विकेंद्रित वीजनिर्मितीचा अर्धा विषय समजला.

आधी व्याख्या. जिथे वीज वापरली जाते तिथेच किंवा तिच्या जवळपास, छोट्या-छोट्या ठिकाणी ती तयार करणं म्हणजे विकेंद्रित वीजनिर्मिती. घराच्या छतावरचं सोलर, धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजघर, साखर कारखान्याचा सहवीज प्रकल्प, शेती फीडरला जोडलेला दोन-चार मेगावॅटचा सौर प्रकल्प हे सगळं यात येतं. याच्या उलट बाजूला चंद्रपूरचं औष्णिक केंद्र (२,९२० मेगावॅट) किंवा कोयना (१,९६० मेगावॅट) यांच्यासारखी मोठी केंद्रं असतात.

किलोवॅट आणि युनिट यांची गल्लत

सोलरच्या जाहिराती वाचताना इथेच घोळ होतो. किलोवॅट म्हणजे एका क्षणाची ताकद आणि युनिट म्हणजे ती ताकद किती वेळ चालली त्याचा हिशेब. एक किलोवॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. जुना ७५ वॅटचा पंखा साधारण तेरा तास फिरला की एक युनिट होतं.

फोनचं बघा. ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून २५ समजा. म्हणजे एका युनिटमध्ये फोन जवळपास ४० वेळा फुल चार्ज होतो. छतावरचं एक किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट देतं. त्या विजेत गल्लीतले दीडशे फोन चार्ज होतील. आकडा ऐकायला भारी वाटतो, पण दीड टनाचा एसी तीन-चार तासांत तेवढीच वीज खाऊन टाकतो.

मग वीज इतक्या लांबून का आणतात?

गंमत म्हणजे सुरुवात लोकल विजेनेच झाली होती. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केलं ते भर वस्तीत, कारण त्याची डीसी वीज फार लांब जाऊच शकत नव्हती. नंतर एसी आणि ट्रान्सफॉर्मर आले आणि वीज लांब पाठवणं परवडू लागलं. आपल्याकडचं जुनं उदाहरण खोपोलीचं. १९१५ मध्ये टाटांनी तिथे जलविद्युत केंद्र सुरू केलं. पाणी घाटातलं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना.

यामागचं गणित सोपं आहे. तारेत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच वीज दुप्पट व्होल्टेजने पाठवली तर करंट निम्मा होतो आणि नुकसान चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणून मोठ्या लाइनी ४०० केव्हीच्या असतात आणि चंद्रपूरची वीज सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरवरच्या कोल्हापुरापर्यंत आणता येते.

नेमकी कुठली वीज तुमच्या घरात येते, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही. गावच्या दूध डेअरीसारखंच आहे ते. सगळे आपापलं दूध आणून एकाच टाकीत ओततात. संध्याकाळी तुम्ही पिशवी घरी आणता तेव्हा त्यात आपल्याच म्हशीचं दूध आहे का, असं विचारत नाही. तुमच्या पासबुकात किती लिटर घातलं आणि किती नेलं एवढीच नोंद असते. ग्रीड म्हणजे ती टाकी. फरक एकच, या टाकीत साठवण जवळपास नाही. जितकी वीज या क्षणी वापरली जाते तितकी याच क्षणी तयार व्हावी लागते, नाहीतर ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी हलते.

मोठी केंद्रं आणि मोठं ग्रीड यांना शिव्या घालायची आता फॅशन झाली आहे. ते बरोबर नाही. रात्री अडीच वाजता सीपीआरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये दिवे चालू असतात ते ग्रीडमुळे. पण मोठ्या जाळ्याची पडझडही मोठी असते. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रीडं एकत्र कोसळली, तेव्हा ६० कोटींहून जास्त लोक राहतात तेवढ्या भागातली वीज गेली. महाराष्ट्र पश्चिम ग्रीडमध्ये असल्याने त्या दिवशी वाचला.

कोल्हापुरात वीज कुठे-कुठे तयार होते?

पावसाळ्यात फॅमिली ग्रुपवर येणारा मेसेज आठवा: राधानगरीचे अमुक इतके स्वयंचलित दरवाजे उघडले, पॉवर हाऊसमधून इतके क्युसेक विसर्ग. आपण दरवाज्यांचा आकडा बघतो आणि पॉवर हाऊसचा सोडून देतो. पण राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते, हे त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. शेतीसाठी किंवा पूर नियंत्रणासाठी पाणी सोडायचंच असतं. ते टर्बाइनमधून सोडलं की वीज मिळते आणि पाणीही पुढे जातं. काळम्मावाडीच्या दूधगंगा धरणावर असंच २४ मेगावॅटचं वीजघर आहे. चंद्रपूरच्या तुलनेत हे आकडे चिल्लर आहेत, पण त्यासाठी कोळसा लागत नाही.

खरी मोठी लोकल वीज मात्र उसातून येते. शिरोळचा दत्त, हुपरीचा जवाहर, कागलचा शाहू, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, वारणानगरचा वारणा या कारखान्यांत साखरेसोबत वीज तयार होते. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, उरतो. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात दिवसाला १,४०० टनांच्या वर चोथा निघतो. त्यात निम्मं पाणी असतं, तरी तो बॉयलरमध्ये चांगला जळतो.

पूर्वीही कारखाने बगॅसच जाळायचे, पण कमी दाबाच्या बॉयलरमध्ये, रस उकळण्यापुरती वाफ निघाली की काम झालं. उरलेल्या बगॅसचं करायचं काय हाच प्रश्न असायचा. सहवीज प्रकल्पात तीच वाफ दोनदा वापरतात. आधी जास्त दाबाची वाफ टर्बाइन फिरवते, वीज तयार होते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली, दाब कमी झालेली वाफ मग रस आटवायला जाते. एका इंधनातून वीज आणि उष्णता दोन्ही मिळतात, म्हणून नाव 'सहवीज'. आधुनिक बॉयलर असलेला असा कारखाना २५-३० मेगावॅटपर्यंत वीज तयार करू शकतो. स्वतःला लागेल तेवढी वापरून बाकीची ग्रीडला विकतो.

तोटेही आहेतच. ही वीज हंगामापुरती, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे चार-पाच महिने. साठवलेला बगॅस संपला की टर्बाइन थांबतं. चिमणीची काळी राख कारखान्याजवळच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. आणि विकलेल्या विजेला दर किती मिळणार यावर पूर्ण प्रकल्पाचं गणित अवलंबून असतं. तो दर घसरला तर कारखाने बगॅस सरळ कागद गिरण्यांना विकायचा विचार करू लागतात.

आता कॅलेंडर समोर ठेवा. उसाची वीज मुख्यतः हिवाळ्यात, उन्हाची फेब्रुवारी ते मे महिन्यांत जोरात, धरणाची वीज पावसाळ्यातल्या विसर्गावर आणि नंतर शेतीच्या आवर्तनांवर. एकट्या सोलरवर जिल्हा चालणार नाही, एकट्या बगॅसवरही नाही. पण तिन्हींचे हंगाम एकमेकांच्या मागे-पुढे येतात, हे कोल्हापूरचं नशीब आहे. जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही फरक आहे. गगनबावड्यात पाऊस कोसळत असतो तेव्हा शिरोळ तालुक्यात बऱ्याचदा ऊन असतं. सोलर प्रकल्पासाठी शिरोळची बाजू का सोयीची, हे यावरून कळतं.

शेळकेवाडी: गॅस शेणाचा, वीज छतावरची

करवीर तालुक्यातलं शेळकेवाडी हे छोटं गाव आधी बायोगॅससाठी गाजलं. घरोघरी गोबरगॅस, त्याला शौचालयंही जोडलेली. नंतर महावितरणच्या सौरग्राम योजनेत इथल्या घरांच्या छतांवर सोलर आलं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली होती.

गोबरगॅसला आपण जुनाट समजतो, पण जनावरं असलेल्या घरासाठी तो अजूनही सगळ्यात स्वस्त लोकल एनर्जी आहे. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. त्यातून चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. महिन्याचा हिशेब केला तर दीड सिलिंडरच्या आसपास गॅस होतो. उरलेली स्लरी शेतात जाते. थंडीत गॅस कमी सुटतो आणि रोज शेण कालवावं लागतं, म्हणून घरातली तरुण मंडळी नाक मुरडतात. आणि गोठाच विकला तर प्लांट बंद.

सौरग्राम म्हटलं की लोकांना वाटतं, गावाने महावितरणची तार तोडून टाकली. तसं काही नाही. दिवसा छतावर जास्तीची वीज तयार होते ती ग्रीडला जाते आणि रात्री घरं ग्रीडमधूनच वीज घेतात. पुन्हा डेअरीचं पासबुक. सकाळी दूध घातलं, संध्याकाळी नेलं, महिन्याच्या शेवटी वजाबाकी. याच वजाबाकीला नेट मीटरिंग म्हणतात आणि दोन्ही बाजूंची विजेची नोंद ठेवणारा मीटर म्हणजे नेट मीटर. गावाचं बिल जवळपास शून्यावर येऊ शकतं, पण गाव ग्रीडशिवाय एक रात्रही काढू शकत नाही. म्हणून अशा गावांना 'स्वयंपूर्ण' म्हणताना जरा जपून.

वीज गेली की सोलर का बंद पडतं?

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. छतावरचं बहुतेक सोलर 'ऑन-ग्रीड' असतं. पॅनलमधून डीसी वीज येते, इन्व्हर्टर तिची एसी करतो. पण ही एसी ग्रीडच्या तालात बसावी लागते: तीच फ्रिक्वेन्सी, तेच व्होल्टेज. लेझीमचा ताफा हलगीच्या ठेक्यावर पाय टाकतो, तसं. हलगी थांबली की ताफा थांबतो. ऑन-ग्रीड इन्व्हर्टरकडे स्वतःचा ठेका नसतो, तो ग्रीडचा ऐकून चालतो. ग्रीड गेली की तो काही क्षणांत बंद होतो.

तो मुद्दामही बंद केलेला असतो. समजा लाइन तुटली, महावितरणने पुरवठा बंद केला आणि वायरमन खांबावर चढला. तेव्हा एखाद्या घराचं सोलर त्याच तारेत वीज ढकलत असेल तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रीड गेल्यावर बंद व्हायची सोय ऑन-ग्रीड इन्व्हर्टरमध्ये सक्तीची आहे. पेट्रोल जनरेटर चेंजओव्हर स्विच न लावता घराच्या वायरिंगला जोडणारे महाभाग असतात, त्यांच्याकडूनही हाच धोका असतो.

म्हणजे अनुदान घेऊन बसवलेलं साधं सोलर हे बिल कमी करण्याचं साधन आहे. त्यात बॅकअप धरलेला नाही. विकताना ही गोष्ट बऱ्याचदा सांगितली जात नाही, आणि मला हाच या सगळ्या प्रकारातला सगळ्यात खटकणारा भाग वाटतो.

बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. ग्रीड गेल्यावर हायब्रिड इन्व्हर्टर घराला ग्रीडपासून तोडतो आणि स्वतःचा ठेका सुरू करतो. बाहेर वीज जात नाही, आत चालू राहते. ५ युनिटची लिथियम बॅटरी धरा, वापरण्याजोगी साडेचार युनिट. बीएलडीसीचे दोन पंखे (६० वॅट), चार एलईडी (३६ वॅट) आणि वायफाय राउटर (१० वॅट) एवढंच चालवलं तर ती चाळीस तासांच्या वर टिकते. त्यात फ्रिज घातला की हा वेळ निम्म्याच्या आसपास येतो. गीझर किंवा मिक्सर-इस्त्रीचा नादच नको.

पण पुराच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे बॅटरी पुन्हा भरायला वेळ लागतो. म्हणून पुरासाठी सोलर घेताना पॅनलच्या संख्येपेक्षा बॅटरी आणि काटकसर यांचा विचार आधी करा. इन्व्हर्टर आणि बॅटरी जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये लावू देऊ नका. २०१९ आणि २०२१ मध्ये तुमच्या भिंतीवर पाणी जिथपर्यंत आलं त्याच्या वर, शक्यतो वरच्या मजल्यावर. आणखी एक: इन्व्हर्टर बंद असला तरी उजेड पडला की पॅनल आणि त्यापासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी वायर जिवंतच असतात. पॅनलला बंद करायचं बटण नसतं. पाण्यात बुडालेल्या वायरजवळ जाऊ नका.

प्रत्येक घराला बॅटरी परवडणार नाही, आणि गरजही नाही. कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावर सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळ आलं आणि सगळ्या बेटाचं ग्रीड झोपलं. अदहुंतास नावाच्या डोंगरी गावात 'कासा पुएब्लो' ही संस्था आधीपासून सोलरवर चालत होती. तिथले दिवे चालू राहिले. लोक फोन चार्ज करायला आणि श्वासाच्या रुग्णांची यंत्रं चालवायला तिथे आले. आपल्याकडे प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातली गावं पुरात कुठे हलवली जातात ते ठरलेलं असतं: शाळा, मंगल कार्यालय, उंचावरचं मंदिर. बॅटरीचा पैसा आधी त्या छपराखाली जायला हवा, असं माझं मत आहे. घरातलं सोलर बिल वाचवेल, शाळेतलं सोलर माणसं.

शेतीची वीज: रात्रीचं पाणी

फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी आणि स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात महावितरणच्या ताराबाई पार्कातल्या कार्यालयासमोर धरणं धरलं. मागणी: शेतीला दिवसा दहा तास वीज. शहरातल्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही. पण शेतीला थ्री-फेज वीज पाळीने मिळते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. रात्रीची पाळी आली की उसाला पाणी पाजायला अंधारात जायचं, पायाखाली साप आणि डोंगराकडेच्या गावांत समोर गवा.

यावरचा विकेंद्रित उपाय म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये '२.०' म्हणून मोठ्या प्रमाणावर आली. कल्पना अशी: गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज तिथूनच शेतीच्या फीडरला द्यायची. ऊन दिवसाच असतं, त्यामुळे पुरवठाही दिवसा. एका मेगावॅटला साधारण चार एकर जागा लागते. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं ठरलेलं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी या योजनेतल्या ज्या पाच सौर प्रकल्पांचं लोकार्पण केलं, त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातलं कोंडिग्रे होतं.

इथे ऊन आणि गरज यांचा मेळ छान बसतो. पावसाळ्यात सोलरची वीज कमी होते, पण तेव्हा पाण्याच्या मोटारी चालवायचीही फारशी वेळ येत नाही. अडचण जमिनीची आहे. गायरानावर प्रकल्प आणायचा म्हटलं की चराईचं काय, हा प्रश्न येतो आणि काही गावांत विरोध झाला आहे. तो निव्वळ आडमुठेपणा म्हणून उडवून लावता येत नाही.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही वेगळी योजना. त्यात शेतकऱ्याने १० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के) रक्कम भरायची आणि ३ ते साडेसात एचपीचा स्वतंत्र सोलर पंप मिळवायचा. विहीर किंवा बोअर असलेल्या शेतकऱ्याला हे उत्तम. पण कोल्हापुरातला बराच ऊस नदीवरच्या उपसा सिंचन संस्थांच्या पाण्यावर आहे, आणि त्यांच्या मोटारी यापेक्षा कितीतरी मोठ्या. त्यांच्यासाठी सौर फीडर हाच मार्ग.

घरी बसवायचं तर खर्च आणि अनुदान

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यासाठी १८,०००. म्हणजे तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला जास्तीत जास्त ७८,०००. हे अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर मोजतात, बॅटरीचं वेगळं काही मिळत नाही. तीन किलोवॅटची सिस्टिम अनुदानाआधी साधारण दीड ते दोन लाखांत बसते. छतावर सावली नसलेली तीनशे चौरस फूट जागा हवी. नारळाची किंवा शेजारच्या टाकीची सावली दुपारी पॅनलवर पडत असेल तर सगळा हिशेब बिघडतो.

तीन किलोवॅटमधून वर्षाला साधारण चार हजार युनिट मिळतात. पण दर महिन्याला सारखे नाहीत. एप्रिलचा आकडा बघून खूश होऊ नका आणि जुलैचा बघून घाबरू नका. बचत किती, हे तुमच्या वापरावर ठरतं. महावितरणचे दर टप्प्यांत वाढतात: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे आणखी महाग. सोलर आधी वरचे महाग युनिट कमी करतं. त्यामुळे महिन्याला ३५० युनिट जाळणाऱ्याचा पैसा लवकर वसूल होतो आणि ८० युनिटवाल्याचा फार उशिरा. स्थिर आकार भरावाच लागतो, म्हणून 'शून्य बिल' हे जाहिरातीतलंच समजा. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जातात. ३१ मार्चला हिशेब मिटवताना उरलेल्या युनिटला तुम्ही भरता त्यापेक्षा कमी दर मिळतो. म्हणून छत मोठं आहे म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टिम घेण्यात अर्थ नाही. दिवस-रात्रीच्या युनिटला वेगळा दर लावणारे टीओडीचे नियमही बदलत आहेत, तेव्हा सही करायच्या आधी महावितरणच्या साइटवरचा त्या दिवशीचा नियम वाचा.

अर्ज पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर किंवा अधिकृत ॲपवर करायचा आणि ठेकेदार तिथे नोंदणी असलेलाच घ्यायचा. दहा किलोवॅटपर्यंत वेगळी तांत्रिक तपासणी न करता अर्ज मंजूर धरला जातो. 'सोलर सबसिडी'च्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कधीही इन्स्टॉल करू नका. अनुदान थेट बँक खात्यात येतं, त्यासाठी कुणाला ओटीपी द्यायचा नसतो.

बसवल्यावर इन्व्हर्टरचं ॲप फोनवर घ्या, ठेकेदाराने ठेवलेला डिफॉल्ट पासवर्ड बदला आणि रोजचा ग्राफ बघत जा. निरभ्र दिवशी ग्राफ टेकडीसारखा गुळगुळीत दिसतो. भर दुपारी तो अचानक शून्यावर येऊन पुन्हा वर जात असेल तर बहुतेक वेळा दोष पॅनलचा नसतो. गल्लीतल्या सगळ्यांचं सोलर एकाच ट्रान्सफॉर्मरवर वीज ढकलत असलं की दुपारी व्होल्टेज चढतं आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. अशा वेळी ग्राफचा स्क्रीनशॉट जोडून महावितरणकडे तक्रार करा. वायरिंग आणि ट्रान्सफॉर्मर पूर्वी एकाच दिशेने वीज वाहायची या हिशेबाने बसवलेले आहेत. ते बदलायला वेळ आणि पैसा लागणार.

फ्लॅटमध्ये किंवा भाड्याने राहत असाल तर

छत तुमचं नाही, म्हणून वरचं बरंच काही तुमच्या हातात नाही. जर्मनीत लोक बाल्कनीच्या कठड्याला एक-दोन पॅनल टांगून थेट प्लगमध्ये जोडतात. तिथे २०२४ पासून ८०० वॅटपर्यंत ही सोय आहे. ते व्हिडिओ बघून इथे तसं काही स्वतःच जोडू नका. नेट मीटर आणि परवानगीशिवाय ग्रीडला वीज ढकलणं धोक्याचं आहे.

सोसायटीच्या सभेत मात्र विषय काढता येतो. लिफ्ट, पाण्याची मोटार, जिन्यातले दिवे आणि ईव्ही चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. मेंटेनन्समध्ये विजेचा वाटा किती, ते आधी चेअरमनकडून मागून घ्या.

आणि फक्त पुरात फोन जिवंत ठेवायचा असेल तर इतकं सगळं लागतही नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक भरून ठेवली की फोन अडीच-तीन वेळा चार्ज होतो. घडी घालता येणारं २०-३० वॅटचं यूएसबी पॅनल सोबत असलं तर ढगाळ दिवशीही एखादा फोन भरतो, फक्त त्याला अख्खा दिवस लागू शकतो. जून लागायच्या आधी दोन्ही एकदा चालवून बघा.